‘हो’ म्हटल्यावर पुढे काय?

स्मृतिभ्रंशावरची औषधं माझ्या दुकानात एका खणात मावतात. डोनेपेझिल, मेमँटिन, रिव्हास्टिग्मिनचे पॅच आणि बाजूला, डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच द्यायच्या झोपेच्या आणि भासांवरच्या गोळ्या. मोठ्यांच्या डायपरना मात्र मागची अख्खी भिंत लागते. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ औषधाचं दुकान चालवता चालवता या आजारात औषधाचा वाटा किती आणि बाकीच्या कामाचा किती, हे मला त्या खणावरून आणि त्या भिंतीवरून कळत आलंय.

गोळी रात्री द्यायची की सकाळी, हे लोक एकदाच विचारतात. पुन्हा पुन्हा विचारतात ते वेगळंच. “काका, आई आंघोळीला हात लावू देत नाही, काय करू?” “बाबा रात्री दोन वाजता चपला घालून दाराशी उभे राहतात.” “सासूबाई शेजारणीला सांगतात, सून जेवायला घालत नाही. दोनदा जेवल्यात हो त्या!” या तिन्ही प्रश्नांची स्ट्रिप मिळत नाही. मग माणसं मिळते ती स्ट्रिप मागतात. “मागच्या वेळची झोपेची गोळीच द्या ना, चिठ्ठी घरी राहिली.” मी देत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना भासांवरची औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्ये दिला. डॉक्टरही ती तोलून-मापून, थोड्या दिवसांसाठी देतात. पण रात्रभर जागलेल्या मुलाला काउंटरवर उभं करून हे समजावणं सोपं नसतं, आणि समजावूनही त्याची आजची रात्र सुटत नाही.

आमच्या भागात आशाताई घरोघरी जाऊन एक फॉर्म भरतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला साखर किंवा बीपी आहे का, असे प्रश्न. साठीच्या पुढच्यांना आणखी काही जास्तीचे: उभं राहताना, चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला कुणाची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? अशीच एक आशाताई बीपीच्या मशीनचे सेल घ्यायला आली होती. म्हणाली, “काका, आजी ‘हो’ म्हणाल्या की मी ‘हो’वर खूण करते. पण त्यांची सून माझ्या तोंडाकडे बघत असते. तिला पुढे काय सांगू?”

विचारणारी बाई आहे, फॉर्म आहे, प्रश्नही बरोबर आहे. ‘हो’च्या पुढची ओळ तेवढी कोरी आहे. त्या ओळीत काय लिहायचं, हे कुठल्याही मोठ्या योजनेआधी लहान प्रमाणावर, खऱ्या घरांत आणि खऱ्या दवाखान्यांत करून पाहावं लागतं. आरोग्यखात्यात त्याला ‘पायलट’ म्हणतात.

आधी जमतंय का ते बघा

नव्या गोळीची चाचणी होते तेव्हा रुग्ण निवडून घेतात. फार म्हातारा नको, किडनी ठीक हवी, दहा इतर औषधं चालू नकोत, वेळेवर घेऊन येणारं कुणी हवं. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर मात्र एकाच आजीच्या नावाने साखर, रक्तदाब, थायरॉइड, गुडघे आणि विस्मरण असं सगळं एकाखाली एक असतं. चाचणीतली आजी आणि चिठ्ठीतली आजी वेगळ्या असतात.

काळजी घेण्याच्या पद्धतीची चाचणी तर आणखी अवघड. गोळी ठाण्यात आणि लंडनमध्ये सारखीच असते. ‘घरी जाऊन सुनेला धीर देणे, आंघोळीची युक्ती शिकवणे’ हा उपचार देणाऱ्या माणसागणिक बदलतो. म्हणून पायलटचे प्रश्न साधे आणि रोकडे असतात. लोक दार उघडतात का? सहा महिने टिकतात का? शिकवलेलं काम कार्यकर्ती खरोखर तसंच करते का? एका घरामागे तिचा किती वेळ जातो, पैसा किती? जे मोजायचं ठरवलंय ते या घरांत मोजता येतं का? पायलटमधून ‘गुण आला’ हे सिद्ध होत नसतं, घरं थोडी असतात. सिद्ध करायला निघण्याआधी गाडी रुळावर उभी राहते का, एवढंच पाहायचं असतं.

अमेरिकेत या कामासाठी 2019 मध्ये सरकारच्या वृद्धत्व संशोधन संस्थेच्या पैशातून ‘इम्पॅक्ट’ नावाचा एक मोठा गट उभा राहिला. सुझन मिचेल आणि व्हिन्सेंट मोर हे त्याचे प्रमुख. स्मृतिभ्रंशाच्या काळजीच्या पद्धती प्रयोगशाळेबाहेर, चालू इस्पितळांत आणि वृद्धगृहांत, तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या हातून करून पाहायच्या, आधी लहान पायलट आणि जमलं तर मोठी चाचणी, अशी त्यांची रीत. पायलटला पैसे देण्याआधी ते खर्च किती, धोका किती, तिथल्या लोकांना हे हवंय का, असे प्रश्न विचारतात.

हे सगळं परदेशी थाटाचं वाटेल. पण याच जातीचं काम आपल्या शेजारी, गोव्यात, अमेरिकेतला तो गट जन्माला येण्याच्या दशकभर आधी होऊन गेलंय.

गोव्यात दार वाजलं

1998 मध्ये कोचीत जमलेल्या संशोधकांनी एक गट स्थापन केला आणि त्याला ‘10/66’ असं विचित्र नाव दिलं. जगातले दोनतृतीयांश, म्हणजे 66 टक्के, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण गरीब आणि मध्यम देशांत, आणि संशोधन मात्र त्यांच्यावर दहा टक्क्यांहून कमी, हा त्याचा अर्थ. मार्टिन प्रिन्स त्याचे पुढारी. गोव्यातून विक्रम पटेल आणि अमित डायस, केरळातून के. एस. शाजी या कामात होते.

पटेल आणि प्रिन्स यांनी आधी गोव्यात लोकांशी नुसत्या गप्पा मारल्या. त्यांचा लेख 2001 मध्ये आला. म्हाताऱ्या माणसाचं विसरणं, भटकणं, संशय घेणं लोकांना ओळखू येत होतं. पण हा आजार आहे असं वाटत नव्हतं. वयच झालं म्हणायचे, नाहीतर मुलांनी प्रेम दिलं नाही, नीट बघितलं नाही म्हणून असं झालं, असा ठपका. हे वाचलं तेव्हा मला आमचा काउंटर आठवला. सून डायपर घेताना आवाज खाली आणते तो लाजेने कमी आणि या ठपक्याच्या धाकाने जास्त.

त्याच सुमारास केरळात शाजींच्या गटाने अंगणवाडीच्या बायकांना थोडं प्रशिक्षण देऊन ‘तुमच्या भागात असं कुणी आहे का’ असं विचारलं. त्यांनी दाखवलेल्या वृद्धांची तज्ज्ञांनी तपासणी केली, तर तीनातले जवळपास दोन खरोखर स्मृतिभ्रंशाचे निघाले. 2002 मध्ये छापलेलं हे काम आशाताईच्या फॉर्मचा पूर्वजच म्हणायचं. शोधणं जमतं, हे तिथे कळलं.

शोधल्यावर काय, हे डायस, पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत करून पाहिलं. त्यांनी घरी पाठवायला डॉक्टर निवडले नाहीत. गावची भाषा येणारी, लिहिता-वाचता येणारी, म्हाताऱ्यांत बसायची आवड असणारी साधी माणसं घेतली आणि त्यांना शिकवून तयार केलं. ती पंधरवड्यातून निदान एकदा, सहा महिने, घरी जात. आजार म्हणजे काय ते सांगत. आंघोळ, जेवण, कपडे यांत अडतं कुठे ते पाहून युक्ती सुचवत. कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत. सरकारच्या वृद्धांसाठीच्या योजना सांगत. वर्तन हाताबाहेर गेलं तरच मानसोपचारतज्ज्ञ, आणि गरज असेल तरच औषध. ज्या घराला जितकं हवं तितकंच, पायरीपायरीने.

या चाचणीत 81 कुटुंबं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून 41 घरांना ही सेवा मिळाली. बाकीच्यांना आजाराची माहिती दिली गेली आणि सहा महिन्यांनी सेवा देऊ असं सांगितलं गेलं. निकाल 2008 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. सेवा मिळालेल्या घरांत काळजी घेणाऱ्या माणसाचं मानसिक आरोग्य सुधारलं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्याला होणारा त्रास कमी झाला. हे फरक नोंद घ्यावेत इतके स्पष्ट होते. रुग्णाच्या वागण्याची तीव्रता आणि रोजची कामं करण्याची क्षमता यांत मात्र ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही.

मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो. आजार जागचा हलला नाही, सांभाळणारी व्यक्ती सावरली. ज्या घरात दुसरं माणूस ठेवायची ऐपत नाही, तिथे सांभाळणारी कोलमडली की रुग्णही गेला समजा. म्हणून मी हा निकाल ‘थोडासाच गुण’ या खात्यात टाकत नाही.

आणखी एक आकडा मी लक्षात ठेवलाय. 81 पैकी 59 कुटुंबांनीच चाचणी पूर्ण केली. 18 रुग्ण ती चालू असतानाच गेले. खऱ्या घरांत शिरलं की मृत्यूही हिशेबात धरावा लागतो, कागदावरच्या योजनेत तो बहुधा नसतो.

वाटलं म्हणजे पोचलं नव्हे

गोव्याचं जमलं. जे जमलं नाही त्यातूनही शिकायला मिळतं. अमेरिकेत 360 वृद्धगृहांमध्ये एक मोठी चाचणी झाली. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना पुढच्या उपचारांचे पर्याय समजावणारे लहान व्हिडिओ दाखवायचे, म्हणजे उगाच इस्पितळात हलवणं कमी होईल, अशी कल्पना. 2020 मध्ये निकाल छापून आला: इस्पितळाच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. मागे वळून पाहिलं तर गंभीर आजारी रुग्णांपैकी पाचातल्या जेमतेम एकाच्या बाबतीत व्हिडिओ दाखवला गेला होता. म्हणजे व्हिडिओ निरुपयोगी होता की तो पोचलाच नाही? आधीच कामात बुडालेल्या नर्सच्या दिवसात हे जास्तीचं काम बसतं का, हे मोठा पसारा मांडण्याआधीच लहान पायलटमध्ये तपासलेलं बरं.

आपल्याकडेही असंच एक उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने काळजी घेणाऱ्यांसाठी ‘आय-सपोर्ट’ नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण तयार केलं. भारतीय कुटुंबांसाठी त्यात बदल करून बंगळुरूच्या निम्हान्सच्या तज्ज्ञांनी ते करून पाहिलं. दीडशेच्या आसपास लोक सहभागी झाले, निम्म्याहून अधिक शेवटपर्यंत राहिले नाहीत. मला नवल वाटलं नाही. जिला दिवसभरात दहा मिनिटं पाठ टेकायला मिळत नाही, ती फोन उघडून धडे कधी पुरे करणार? तरी हा पायलट वाया गेला असं मी म्हणणार नाही. नुसतं ॲप देऊन भागणार नाही, हे त्याने देशभर खर्च होण्याआधी सांगितलं.

टेंभी नाक्याच्या अटी

आता गोव्याचं तसंच उचलून ठाण्यात आणायचं का? इथे माझा दुकानातला अनुभव आडवा येतो.

पहिली अडचण त्या फॉर्ममध्येच आहे. ‘स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का?’ आमच्या भागातल्या जुन्या चाळी आणि दोन मजली घरं एकामागून एक पाडली जाताहेत. पन्नास वर्षं एका गल्लीत काढलेले आजोबा आज पाचपाखाडीत भाड्याने आहेत, टॉवर झाला की परत येतील. मधल्या काळात दोनदा भाड्याचं घर बदललं. त्यांना पत्ता सांगता आला नाही तर तो आजार की बिल्डरचा उशीर? उलटंही होतं. खरोखर विसरायला लागलेली आजी जुना पत्ता खडाखडा सांगते, इमारत पडून तीन वर्षं झालेली असतात. आशाताई ‘नाही’वर खूण करून निघते. प्रश्न दिल्लीत बरोबर असला तरी टेंभी नाक्यावर विचारून पाहिल्याशिवाय तो बरोबर आहे की नाही, कळत नाही.

दुसरी अडचण वेळेची. गोव्यातल्या कार्यकर्त्यांना घरी घरचं माणूस भेटत असावं. इथे सकाळी आठला मुलगा आणि सून दोघेही स्टेशनाकडे पळतात. अकरा वाजता दार उघडते ती ब्युरोची मावशी, बारा तासांच्या पाळीवर. आंघोळ तीच घालते, भरवतेही तीच. मग शिकवायचं कुणाला? मावशीला शिकवलं तर ती दोन महिन्यांत दुसऱ्या घरी जाते. सुनेला शिकवायचं तर रात्री नऊनंतर जावं लागेल, आणि त्या वेळी आशाताईने स्वतःच्या घरच्या भाकऱ्या थापायच्या की नाहीत? माझ्या मते इथे मावशी आणि ब्युरो या दोघांना धरूनच पायलट आखावा लागेल.

तिसरी अडचण दवाखान्याची. टेंभी नाक्यावरचं विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, आमच्या तोंडी ‘सिव्हिल’, नव्या बांधकामासाठी 2023 मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात हललं. नाक्यावरून पायी जाता यायचं तिथे आता रिक्षा आली. विसरणाऱ्या माणसाला रिक्षात बसवणं म्हणजे अर्धा दिवस. त्यात मनोरुग्णालयाचं फाटक. आपल्या आईला तिथे न्यायचं म्हटलं की घरात आजही भांडणं होतात. खरं सांगायचं तर सिव्हिल तिथे गेल्यापासून थोडं सोपंही झालंय. फाटकाशी नातेवाईक भेटला तर ‘साखर तपासायला आलो’ म्हणता येतं! ही माणसं ओपीडीपर्यंत येतील असं धरून बसलेली योजना इथे चालणार नाही.

चौथी अडचण वर्षातून एकदाच येते, पण येते जोरात. 1978 पासून, शिवसेनेच्या आनंद दिघ्यांनी सुरू केल्यापासून, टेंभी नाक्याचं नवरात्र म्हणजे ठाण्याचा मोठा सोहळा. मला तो प्रिय आहे. पण त्या दिवसांत रोषणाई, गर्दी, आवाज, आणि संध्याकाळी बेचैन होणारी आजी. रस्ता बंद, रात्री उशिरापर्यंत जाग. झोपेच्या गोळीसाठी काउंटरवर सर्वात जास्त हट्ट होतो तो याच दिवसांत. जून-जुलैत पायलट केला तर सगळं ठीक दिसेल. नवरात्रात करा, मग कळेल कार्यकर्तीने शिकवलेली युक्ती किती टिकते. खोलीतला आवाज कमी करणं, दुपारची झोप मोडू न देणं, आजीला दोन दिवस डोंबिवलीच्या लेकीकडे पाठवायचं का ठरवणं, किंवा अगदी न पाठवणं, कारण नव्या जागी ती आणखी गोंधळेल. असे निर्णय फोनवरच्या धड्यात नसतात, आजीला ओळखणाऱ्या माणसाशी बोलूनच घ्यावे लागतात.

सातव्या महिन्याचा पगार

देशभरातल्या ‘लासी-डॅड’ या पाहणीवरून 2023 मध्ये मांडलेला अंदाज असा: साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश. इतक्यांसाठी तज्ज्ञ पुरणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून तर गोव्याची वाट महत्त्वाची. लंडनमध्येही नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींनी काळजी घेणाऱ्यांना आठ भेटींचा कार्यक्रम दिला. 2013 मध्ये छापलेल्या त्या चाचणीत काळजीवाहकांची उदासी आणि चिंता कमी झाली. मोठ्या डिग्रीशिवाय हे काम होतं, हे आता दोन ठिकाणी तरी दिसून आलंय. केरळने 2014 च्या सुमारास राज्य सरकारचा वेगळा स्मृतिभ्रंश कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्राने तिथून सुरुवात केली तरी चालेल, कोऱ्या पाटीवरून करायची गरज नाही.

आज घरात असा रुग्ण असलेल्यांनी दोन नंबर लिहून ठेवावेत: मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा, 14416, आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, 14567. कागदावर लिहून मी ते दुकानात काचेमागे लावलेत. फोन उचलला जातो, माणूस बोलतो. पण दार वाजवून घरात येणारं कुणीतरी लागतं, ते या नंबरावर मिळत नाही.

म्हणून ठाण्यात कुणी हा पायलट करणार असेल, महापालिका असो, वैद्यकीय कॉलेज असो की संस्था, तर माझ्यासारख्या दुकानदारांनाही त्यात धरा. कुठल्या घरात डायपर जातो आणि कुठल्या घरातून झोपेच्या गोळीची मागणी वाढली, ते आम्हाला डॉक्टरांच्या आधी कळतं. घरच्यांची परवानगी घेऊन आम्ही त्यांना आशाताईशी जोडून देऊ शकतो. आशाताईला या कामाचे वेगळे पैसे द्या. फुकटच्या कामावर उभा केलेला पायलट पहिल्या लसीकरण मोहिमेत मोडतो.

आणि पायलटच्या अर्जावर पहिलाच प्रश्न हा ठेवा: सहा महिने संपल्यावर सातव्या महिन्यात त्या घरी कोण जाणार आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार? आजार पाच-सात, कधी दहा वर्षं चालतो. सहा महिने कुणी येत होतं आणि मग यायचं थांबलं, तर ती सून आधीपेक्षा जास्त एकटी पडते. या प्रश्नाला नाव आणि खातं लिहून उत्तर देता येत नसेल, तर अर्ज मंजूर करू नये. देता येत असेल, तर पहिल्या घरांची यादी करायला आशाताईंचे भरलेले फॉर्म तयारच आहेत. त्यांतले ‘हो’ तेवढे वेगळे काढायचे आहेत.